टकळी, चऱ्हाट आणि गुऱ्हाळ



फार बोलणाऱ्या माणसाला तुमच्या घरी काय म्हणतात? आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यात अशा शब्दांना तोटा नाही. वाचाळ, बोलघेवडा हे पुस्तकातले सभ्य शब्द. घरात मात्र बडबड्या, तोंडाळ, बोलभांड. न केलेले सांगत सुटला, तर बाताड्या.

यातले काही शब्द निरखून पाहा. ‘काय टकळी लावलीय!’ टकळीवर सूत कातत. ‘चऱ्हाट वळू नको.’ चऱ्हाट म्हणजे जाड दोर. ‘गुऱ्हाळ लावलंय.’ गुऱ्हाळात उसाचा रस तासन्‌तास कढत असतो. तिन्ही शब्द कष्टाच्या कामातले. त्यातून सूत, दोर, गूळ हाती येतो. बोलणाऱ्याला ते लावताना मात्र आपण म्हणतो, काम चाललेय, पदरात काही नाही.

शेजारची कन्नडही मागे नाही. तिथे गप्पा म्हणजे ‘हरटे’ आणि गप्पिष्ट तो ‘हरटेमल्ल’, गप्पांतला पैलवान! १९५६ साली राज्यांची फेररचना झाली; बडबडीला ती सीमा कधी कळलीच नाही.

आम्हा जैनांत वचनगुप्ती सांगितली आहे, म्हणजे वाणीला आवर. त्यामुळे कमी बोलणारा तो शहाणा, हे माझ्या मनात लहानपणापासून पक्के. दवाखान्यात एक म्हातारी यायची. गुडघ्याची गोष्ट भाचीच्या लग्नापासून सुरू करायची. ‘चऱ्हाट आलं,’ असे मी कंपाउंडरला हळूच म्हणायचो. एकदा तिला मध्येच तोडून पुड्या हातात दिल्या. दारातून वळून ती म्हणाली, ‘डॉक्टर, पोरगा पुण्याला गेल्यापासनं घरात बोलाय कोण न्हाई. रात्रीची झोप बी न्हाई.’

मला हवे होते ते नेमके हेच, आणि ते उंबऱ्यात मिळाले. रोग्याचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे, तो फारच भरकटला तरच थांबवावे, असे हानेमानच्या ‘ऑर्गेनॉन’मध्ये ८४व्या कलमात आहे. परीक्षेत ते मी लिहिले होते. अतिबोलणे आमच्या रेपर्टरीतही आहे; तिथे ते लक्षण आहे, शिवी नव्हे. वचनगुप्ती माझ्या जिभेसाठी होती, तिच्या नव्हे. हेही त्या दिवशी उमगले.

हे शब्द टाकू नका. ते आपल्याच रानातले आहेत. फक्त पुढच्या वेळी कुणाला ‘गुऱ्हाळ’ म्हणण्याआधी, रस आटेपर्यंत जरा बसा.