आधी तेल बघा, मग गिअरबॉक्स उघडा



शिरूर-दौंडच्या पट्ट्यात पूर्वी जुनी चारचाकी यायची ती क्लचचीच. आता पुण्यात आठ-दहा वर्षं वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आमच्या निमोण्यासारख्या गावांतही येऊ लागल्या आहेत. कुणी गुडघे दुखणाऱ्या वडिलांसाठी घेतो, कुणी नव्याने गाडी शिकणाऱ्या सुनेसाठी. गाडी बिघडली की मात्र पंचाईत होते. गावातला फिटर म्हणतो, "ऑटोमॅटिकला मी हात लावत नाही." शहरातला म्हणतो, "गिअरबॉक्सच बदला." त्या बदलीचा खर्च कधीकधी जुन्या गाडीच्या निम्म्या किमतीला जातो. माझं गॅरेज निमोण्यातच आहे आणि माझं सांगणं असं, की या दोन उत्तरांच्या मधे बरंच काही तपासता येतं.

पहिली गोष्ट, आपल्या गाडीत कोणत्या जातीचा गिअरबॉक्स आहे ते माहीत हवं. सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ आणली, तिच्यापासून आपल्याकडे स्वस्त एएमटी सुरू झाली. तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरची. तिथे इंजिन तेल घुसळतं आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्स फिरतो. तिसरी सीव्हीटी, पट्टा आणि पुलीवर चालणारी. चौथी दोन क्लचची. आपल्याच शिरूर तालुक्यात रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनू लागली, तिच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा, दोन कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आला. या चौघांची दुखणी वेगळी आणि तेलंही वेगळी.

एकदा गावातल्या तात्यांची गाडी पार्किंगच्या पीमधून निघेना. कुणीतरी त्यांना गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "तात्या, ब्रेक दाबून धरा बरं." मागे जाऊन पाहिलं तर ब्रेकचे दिवेच लागत नव्हते. ब्रेक दाबल्याची खबर मिळाल्याशिवाय या गाड्या गिअरचा दांडा सोडत नाहीत. पेडलाजवळचा छोटा स्विच बदलला आणि दांडा सुटला. गिअरबॉक्स निर्दोष होता.

झटक्यांचंही तसंच आहे. पुढे जायच्या डीमध्ये टाकताना धाडकन आवाज आला की लोक गिअरबॉक्सला दोष देतात. आपल्या रस्त्यांवर आणि गतिरोधकांवर इंजिनाच्या माउंटिंगचं रबर फाटणं नेहमीचं आहे. बॉनेट उघडा, एकाला ब्रेक घट्ट दाबून डी आणि मागे जायचा आर आळीपाळीने टाकायला सांगा, आणि इंजिन जास्त उड्या मारतं का ते बाजूला उभं राहून बघा. गाडीसमोर उभं राहू नका. बॅटरी अशक्त असली किंवा अर्थिंगची तार गंजली असली तरी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गोंधळतो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रांगायला लागली, तर गिअरबॉक्स स्वतःला वाचवतोय असं समजा आणि स्कॅनर लावा. पी०७०० हा कोड दिसला तर त्याचा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काही तक्रार नोंदली आहे. खरी तक्रार पुढच्या कोडमध्ये असते. पी०७०० वाचून गिअरबॉक्स बदलायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता तेल. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचं तेल नवं असताना बहुधा लाल असतं. जुनं होताना ते तपकिरी होतं, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. काळं पडलं आणि करपल्याचा वास आला तर आतल्या क्लच प्लेटा जळताहेत. गुलाबी, दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरतंय, तेव्हा गाडी तिथेच थांबवा. तेल कमी असेल तर आर किंवा डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते. रेस वाढते पण गाडी उठत नाही, हे घसरणीचं लक्षण. तेव्हा आधी खाली वाकून गळती शोधा.

तेल मोजण्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी आहे. पुष्कळ गाड्यांत ते गरम करून, इंजिन चालू ठेवून मोजतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर एक-दीड मिनिटात मोजतात. काहींना गेजच नसतो, तिथे तेलाचं तापमान स्कॅनरवर बघून बाजूच्या बोल्टातून पातळी ठरवावी लागते. गाडीचं पुस्तक उघडल्याशिवाय हे काम करूच नये.

हे तेल उष्णतेने मरतं. ऊसतोडीच्या हंगामात आपण दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे मैलभर रांगत जातो. त्या वेगाला टॉर्क कन्व्हर्टर आतून जोडला जात नाही, तेल नुसतं घुसळत राहतं आणि तापतं. म्हणून 'आयुष्यभर तेल बदलायचं नाही' हे विक्रेत्याचं वाक्य आपल्या भागात मानू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी तेल बदला असं सांगते.

तेल बदलताना गाडी सपाट जागी, चारही बाजूंनी स्टँडवर घ्या. दगड किंवा विटा लावून खाली शिरू नका, माणसं गेली आहेत अशाने. आधी तेल भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच खालचा सोडा. नाहीतर तेल निघून जाईल आणि भरायची वाट बंद राहील. निघालेलं तेल मापाने मोजा आणि तेवढंच नवं भरा. चेंबर काढता येत असेल तर आतला चुंबक बघा. बारीक राखाडी लेप चालतो, चमकणारे तुकडे दिसले तर आत काहीतरी तुटतंय. फिल्टर आणि वॉशर नवे घाला.

चेंबरमधून निम्मंसुद्धा तेल निघत नाही. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं. म्हणून दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा बदला, मग तिसऱ्यांदा. जुन्या गाडीत मशीनच्या दाबाने एकदम धुऊन काढण्यापेक्षा मला हीच रीत बरी वाटते. आणि गाडी आधीच घसरत असेल, तर नव्या तेलाने ती बरी होईलच असं नाही, हे मालकाला काम सुरू करण्याआधी स्पष्ट सांगावं.

तेल मात्र पुस्तकात लिहिलंय तेच. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल घातलं की पट्टा घसरून खराब होतो. तेलाची निवड किती महत्त्वाची, त्याचं उदाहरण सांगतो. २०१३ साली फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. सात गिअरच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल उष्ण, दमट हवेत विजेचा बिघाड करू शकत होतं. ते काढून साधं खनिज तेल भरलं गेलं. महाग तेल म्हणजे योग्य तेल, असं नव्हे. काढलेलं जळकं ऑईल ओढ्यात, चारीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये साठवून परवानाधारक ऑईलवाल्याला द्या.

शेवटची विनंती ट्रॅक्टरवाल्या भावांना. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून शिरूरपर्यंत ओढत नेऊ नका. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की गिअरबॉक्स कोरडा फिरतो आणि किरकोळ बिघाडाची गाडी मोठ्या कामाला येते. ढकलूनही ती चालू होत नाही. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती जमिनीवरून उचला, किंवा सरळ गाडी उचलून नेणारा ट्रक बोलावा. त्याचं भाडं गिअरबॉक्सपेक्षा कितीतरी कमी पडतं.