गॅसचा कॉक कुठे बसवायचा?



भाताची झोडणी उरकली की आपल्याकडे घरांची कामं निघतात. कर्जत-खालापुरातला पाऊस चार महिने कुणाला भिंतीला हात लावू देत नाही, त्यामुळे दिवाळी ते शिमगा हाच आपला बांधकामाचा हंगाम. या दिवसांत गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात ते बरेचसे स्वयंपाकघरासाठी. ओटा घालायचाय, फरशी बसवायचीय, नवी शेगडी घ्यायचीय. हल्ली असा अर्ज आला की हप्त्यांचं बोलणं झाल्यावर आम्ही एक प्रश्न विचारतो. गॅसचा कॉक कुठे येणार? पहिल्यांदा विचारलं तेव्हा सगळ्या हसल्या. "ते मिस्त्री बघेल की!"

मिस्त्री बघतो, पण त्या ओट्यावर रोज उभं राहायचं असतं आपल्याला.

हा प्रश्न आम्हाला कुठल्या पुस्तकातून सुचला नाही. कशेळे बाजूच्या गटातली आमची एक ताई शनिवार-रविवारी एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते. आपल्यातल्या कितीतरी जणी अशा जातात. तिथे ओट्याचा दगड कापून आत बसवलेली काचेची शेगडी आहे, जिला हॉब म्हणतात. सिलिंडर बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात, पिंजऱ्याला कुलूप. तिथून पाइप भिंतीतून आत येतो, पाइपाच्या टोकाला कॉक, आणि कॉकपासून हॉबपर्यंत नळी. दिसायला सगळं झकपक. फक्त तो कॉक होता बरोबर हॉबच्या खाली, तवे-कढया ठेवायच्या खणाच्या मागच्या भिंतीला.

एका संध्याकाळी पाहुण्यांची भजी तळताना हॉबखाली नळीचा सांधा सुटला आणि तिथेच पेटला. ताईने आधी बटणं बंद केली. वरचे बर्नर विझले, खालची ज्योत तशीच. मग तिने कॉकसाठी खणात हात घातला, पण कॉक ज्योतीच्या पलीकडे. हाताला कोपरापर्यंत फोड आले. पिंजऱ्याची किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार बाजाराला गेलेला. शेवटी पाहुण्यांच्या ड्रायव्हरने दगडाने कुलूप तोडून सिलिंडर बंद केला. सगळे वाचले. ताई महिनाभर घरी बसली आणि त्या महिन्याचा हप्ता गटाने भरला.

आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बटण बंद केलं तरी कसं जळत होतं?" ते नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. शेगडीचं बटण फक्त बर्नरकडे जाणारा गॅस थांबवतो. नळी येते बटणाच्या आधी. नळी फाटली, सांधा सुटला, उंदराने कुरतडली, तर बटण कितीही पिळा, काही उपयोग नाही. तो गॅस थांबवायचा तर नळीच्याही आधी थांबवायला हवा. म्हणून कॉक नळीच्या आधी पाहिजे, आणि जिथे आग लागू शकते तिथून बाजूला पाहिजे. हॉबच्या पोटाखाली नको, शेगडीच्या मागच्या भिंतीवर तर अजिबात नको. मागच्या भिंतीवरच्या कॉकपर्यंत पोचायला ज्योतीवरून हात न्यावा लागतो, आणि हाताबरोबर पदर जातो.

मग हवा कुठे? शेगडीच्या बाजूला, हातभर अंतरावर, आणि जमलं तर दाराच्या बाजूने, म्हणजे बंद करता करता बाहेर पडता येतं. उंची कंबर ते खांदा यांच्या मधली. ओट्याखाली कपाटं असतील तर हॉबच्या खालचं सोडून शेजारच्या कपाटात चालेल, पण त्या कपाटाला कुलूप नको आणि कॉकपुढे डबे नकोत. एक बरणी ठेवली की दुसरी येतेच, हे काय आम्ही तुम्हाला सांगावं!

कॉक चालू की बंद हे दिसलंही पाहिजे. पाइपावरच्या साध्या कॉकची दांडी पाइपाच्या रेषेत असली तर गॅस चालू, पाइपाला आडवी असली तर बंद. पाव फेऱ्यात काम होतं. घरातल्या प्रत्येकाकडून एकदा हाताने फिरवून घ्या. सासूबाईंकडून, शाळेतल्या मुलाकडून, आणि हो, घरधन्याकडूनही. बहुतेक घरांत त्यांनाच माहीत नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला पाइप नि कुठला हॉब, आमची साधी दोन बर्नरची शेगडी. बरोबर आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ वाड्यांवर पहिल्यांदा सिलिंडर पोचला. तिथे वेगळा कॉक नसतो. रेग्युलेटर हाच आपला कॉक. म्हणजे कॉक कुठे बसवायचा याचा अर्थ तिथे इतकाच, की सिलिंडर कुठे ठेवायचा. तो उभाच ठेवायचा, आडवा कधीच नाही. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर, सिलिंडर तिच्या बाजूला, आणि रेग्युलेटरपर्यंत हात सरळ जाईल असा. वाड्यांवर आम्ही पाहतो, एकाच कोपऱ्यात चूलही पेटलेली आणि सिलिंडरही टेकवलेला. चूल बंद करा असं आम्ही म्हणत नाही, भाकरी चुलीवरचीच गोड लागते हे आम्हालाही ठाऊक आहे. पण दोघांचे कोपरे वेगळे करा. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. सिलिंडर बदलताना रेग्युलेटर काढला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह आपोआप मिटतो, तरी वर टोपी बसवायचीच. टोपीची दोरी म्हणून तोडायची नाही.

नळीबद्दलही सांगायला हवं. आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी घ्या आणि पाच वर्षांनी बदला, दिसायला चांगली असली तरी. लांबी दीड मीटरच्या पुढे नको. ती भिंतीच्या भोकातून पलीकडे नेऊ नका, कारण भिंतीच्या आत ती चिरली तर कळणार कसं? सिलिंडर बाहेर ठेवायचाच असेल तर भिंतीतून धातूचा पाइपच हवा. तो गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून बसवून घ्या, नळाचं काम करणाऱ्या पोराकडून नको. आणि भाताच्या कणग्या भरल्या की घरात उंदीर येतातच. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा नळीवरून बोटं फिरवा. शंका आली तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून बघू नका. अजूनही बघणारे आहेत.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. आपल्या जुन्या घरांत स्वयंपाकघरातच मोरी असते, म्हणून मोरीच्या काठाशी सिलिंडर नको. कपाटात सिलिंडर असेल तर हवेची भोकं कपाटाच्या तळाशी हवीत. आपल्या जिल्ह्यात महानगर गॅसची पाइपलाइन आली आहे, त्या नळाच्या गॅसचं मात्र उलटं. तो हलका असतो, वर जातो, तिथे वरची खिडकी कामाची. त्या जोडणीत मीटरजवळ एक कॉक असतो आणि शेगडीजवळ एक. फर्निचर करताना सुतार ते दोन्ही फळीमागे दडपून टाकतो. सुतार असेल तोवर समोर उभं राहा.

वास आला तर? गॅसला स्वतःला वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, तेव्हा सर्दी असेल तर दुसरीला विचारा. कॉक किंवा रेग्युलेटर बंद करा, ज्योत, उदबत्ती, देवापुढचा दिवा विझवा, दारं-खिडक्या उघडा. विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. पंखासुद्धा नाही. सगळ्यांनी बाहेर यायचं आणि बाहेर आल्यावरच मोबाइल काढायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी नंबर आहे १९०६, दिवसरात्र चालतो. हा नंबर दाराच्या बाहेरच्या बाजूला लिहा. ओट्यावर लिहून काय उपयोग, बाहेर पळाल्यावर वाचणार कोण?

आमची ती ताई पुन्हा त्याच फार्महाऊसवर कामाला लागली, पण दोन गोष्टी मान्य करून घेऊन. कॉक हॉबच्या खालून काढून बाजूला, दाराकडे आला. आणि पिंजऱ्याची एक किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगली. मालक आधी कुरकुरला, म्हणाला, टाइल्स फोडाव्या लागतील. ती म्हणाली, फोडा. मोबदला वाढवून मागताना जी बाई चार दिवस घोकत असते, ती हे एका दमात बोलली. घरकामाला, हॉटेलात, लग्नाच्या आचाऱ्याच्या हाताखाली जाणाऱ्या बायांनो, नव्या जागी पहिल्या दिवशी मीठ कुठे आहे हे विचारता ना, त्याच्या आधी कॉक कुठे आहे ते विचारा.

ज्यांचा ओटा अजून व्हायचाय त्यांच्यासाठी आम्ही बैठकीत एक गोष्ट करतो. शेगडी जिथे येणार तिथे त्या बाईला उभं करतो, डोळे मिटायला लावतो, कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मग म्हणतो, हात लांब कर. हात जिथे सहज टेकतो तिथे भिंतीवर खडूने फुली मारतो आणि मिस्त्रीला बोलावून दाखवतो. कडप्पा बसायच्या आधी हे केलं तर खर्च जवळपास नाही, नंतर सगळं फोडावं लागतं. तुमच्या गटात कुणाचं काम निघालं असेल तर दगड यायच्या आत आम्हाला निरोप द्या. खडू आम्ही घेऊन येतो.