काळी, पांढरी आणि नकाशा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर; पुरातत्त्वाचे पंडित नव्हे. तथापि उभे आयुष्य इतिहास व भूगोल शिकविण्यात गेल्यामुळे, हे दोन विषय आज हातात हात घालून कसे चालतात, हे आपणांपुढे मांडावे असे वाटले.

आपल्या खेड्यांत काळी आणि पांढरी हे शब्द सर्वांच्या तोंडी असतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शतकानुशतके मातीची घरे पडली, त्यांवर नवी उभी राहिली, चुलींची राख साचली, आणि त्यातून पांढरीची टेकाडे बनली. एक टेकाड उकरले म्हणजे एका गावाची हकीकत कळते. परंतु गाव तेथेच का वसले, शेजारच्या गावाशी त्याचा संबंध काय, हे समजण्यास सर्व स्थळे एका नकाशावर मांडावी लागतात.

हे काम संगणकावर करण्याच्या साधनास भौगोलिक माहिती प्रणाली किंवा जीआयएस म्हणतात. १९६० नंतरच्या दशकात कॅनडामध्ये रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने जमिनीच्या मोजदादीसाठी ती प्रथम उभी राहिली. एका पारदर्शक कागदावर नद्या, दुसऱ्यावर डोंगर, तिसऱ्यावर माती, चौथ्यावर जुनी स्थळे काढावी, आणि सर्व कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की यंत्र त्यांतील अंतरे व चढउतार मोजूनही देते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. घरे, धान्याची कोठारे, पाण्याचा पाट, सर्व सापडले. आता प्रश्न असा, की ही माणसे पोटाला किती जमीन कसत? विटा-फिन्झी व हिग्ज या संशोधकांनी १९७० मध्ये असा विचार मांडला, की शेतकरी साधारणपणे घरापासून तासाभराच्या चालीपलीकडे शेती करीत नाही. त्या तासाच्या परिघात काळी किती, मुरमाड किती, हे जीआयएस मोजून दाखविते.

तास मात्र सरळ रेषेने मोजून चालत नाही. चढावर पाय मंदावतो. वॉल्डो टोबलर यांनी १९९३ मध्ये उतार आणि चालीचा वेग यांचे गणित प्रसिद्ध केले. त्यावरून कमीत कमी श्रमाची वाट काढता येते. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सातवाहनकाळी वाहता होता, हे तेथील शिलालेख सांगतात. शेजारच्या जीवधन किल्ल्यावरून किती मुलूख दृष्टीच्या टप्प्यात येतो, हेही यंत्राकडून काढून घेता येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आपल्या ज्ञातीचे मूळ स्थान कोणते, ही जिज्ञासा अशा संमेलनांतून नेहमी डोके वर काढते. परंतु नकाशावरचा ठिपका तेथे मनुष्य राहत होता एवढेच सांगतो. तो कोणत्या ज्ञातीचा होता हे सांगत नाही. यंत्राने दाखविलेली वाट ही शक्यता असते, पुरावा नव्हे. पुरावा जमिनीतच शोधावा लागतो. म्हणून थोरवीच्या हव्यासापायी नकाशाकडून खोटी साक्ष काढू नये.

आणि ती खरी साक्ष तर रोज नाहीशी होत आहे. पांढरीची माती खत म्हणून शेतात जाते, यंत्रांनी टेकाडे सपाट होतात. एकदा गेलेली पांढरी कोणत्याही संगणकास परत आणता येणार नाही.

म्हणून तरुणांस आमची विनंती आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या पांढरीची जागा पाहा. खिशातील दूरध्वनीवर तिचे अक्षांश-रेखांश टिपा, छायाचित्र घ्या, जवळच्या ओढ्याचे नाव लिहा. खापरे उचलू नका, उकरू तर मुळीच नका. ही टिपणे राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे पाठवा. नकाशा काढण्यासाठी क्यूजीआयएस हे साधन विनामूल्य मिळते.

पूर्वजांचे ऋण नुसत्या जयजयकाराने फिटत नाही. त्यांच्या चुलीची राख राखण्यानेही ते थोडे फिटेल.