शिक्षकांच्या खोलीतील हवा
(ज्युबिलीनिमित्त ताथवडे येथे केलेले भाषण)



शाळेचा विषय निघाला की आपण मुलांविषयी बोलतो. आज मी शिकविणाऱ्यांविषयी बोलणार आहे. त्यांच्या खोलीत जे धुमसते, ते पुढच्याच तासास वर्गात पोहोचते.

ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले; तेव्हा खेड्याची शाळा आणि शहराची शाळा, ही दोन्ही रूपे येथील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहेत. खेड्यात शिक्षकाच्या घरी काय शिजते हेही गाव जाणतो. त्याचा जाच होतो खरा; पण तो आजारी पडला तर कोणीतरी दूधही पोहोचविते. शहरात जाच नाही, तशी ओळखही नाही. दोन अधिवेशनांच्या शाळेत सकाळचा शिक्षक दुपारच्यास जिन्यात भेटेल तेवढाच.

माझी पहिली चाकरी एका खेड्यातील शाळेत झाली. एके दिवशी एसटी चुकली व मी वीस मिनिटे उशिरा पोहोचलो. मुख्याध्यापकांनी हजेरीपट नववीच्या वर्गात मागवून मुलांदेखत माझ्या नावापुढे तांबडी रेघ ओढली. रेघ न्याय्य होती, जागा नव्हती. पुढे कित्येक महिने मी वेळेवर गेलो, आणि नेमल्यापेक्षा एक शब्दही अधिक शिकविला नाही. त्या मुलांचा काय अपराध होता? हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे. बडतर्फ झालेल्या शिक्षकास त्यान्वये न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परंतु वर्गात झालेल्या पाणउताऱ्यावर अपील नाही. शिवाय २००० सालापासून सुरू झालेल्या योजनेत मानधनावर तीन वर्षे काढणारा शिक्षणसेवक तोंड उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करितो.

कॅथोलिक शाळेचे यश मुख्यत्वे शिक्षकांवर अवलंबून असते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आपल्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले. हे आपण समारंभात ऐकतो, आणि सोमवारी फी वाढल्याच्या रागात वर्गशिक्षिकेस दारातच गाठतो. फी ती बिचारी ठरवीत नाही!

आपणांपैकी जे शाळा समितीवर आहेत त्यांस एक विनंती. निकालाचे आकडे विचारण्याआधी वेळापत्रक मागवा आणि गैरहजर शिक्षकांचे बदली तास कोणाच्या माथी येतात ते पाहा. बहुधा ते सर्वांत नव्या, मुकाट सोसणाऱ्या शिक्षकाकडे जातात. मुलांच्या वह्या तपासावयास त्याला एखादा रिकामा तास लागतो. तोच प्रथम जातो.