चार इयत्ता, एक मास्तर

उद्याच्या गुरुजी-बाईंनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख 'डोंगरातले गुरुजी' अशी करून दिली. मला ती आवडली. माझी निम्मी नोकरी जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांत, कोयनेच्या पाण्यापलीकडं झाली. तुम्ही सांगलीची, कृष्णाकाठची पोरं. तुमच्या लेखी कोयना धरणाचा शिवसागर जलाशय म्हणजे बामणोली-तापोळ्याचं बोटिंग. आमच्याकडं तो शाळेचा रस्ता. 2022 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं खिरखंडीच्या मुलींची स्वतःहून दखल घेतली, आठवतंय? त्या मुली स्वतः नाव वल्हवत धरण ओलांडायच्या आणि पुढं जंगलातून चालत शाळा गाठायच्या. पेपरात ती बातमी झाली. त्या खोऱ्यात ती रोजची हजेरी होती.

तिकडं शाळेचं वर्षही उलटं. पाऊस असा कोसळतो, की अतिवृष्टीच्या गावांतल्या शाळांना सुट्टी पावसाळ्यात आणि वर्ग उन्हाळ्यात. मुंबईहून सुट्टीला आलेली भावंडं करवंदाच्या जाळीत, आणि आमची पोरं पाढे म्हणत वर्गात.

आता मुद्द्याचं. टीईटी काढाल, पवित्र पोर्टलवरून नेमणूक येईल आणि कागदावर 'अवघड क्षेत्र' दिसलं की घरात सुतक पडेल. चार इयत्ता, एक खोली, पट जेमतेम दहा-बारा! तुम्हाला वाटेल, ही मोठ्या शाळेची कापून उरलेली चिंधी. तसं नाही. तिथं शिकवण्याची रीतच निराळी.

माझ्या खोलीत भिंतीला पोरांच्या उंचीवर काळा पट्टा रंगवलेला होता. तिसरीवाले त्यावर हातच्याची वजाबाकी करत. चौथीला धडा मनात वाचायला दिलेला. दुसरी चिंचोक्यांचे दशक मांडत बसलेली. पहिली माझ्यापुढं. या पहिलीत एक पोरगी होती, कायम खिडकीबाहेर बघणारी. एकदा तिसरीतला गडी सातच्या पाढ्यात अडला, तर हिनं मान न वळवता पुढचा आकडा सांगितला. कुणी शिकवला? कुणीच नाही. कानावर पडला होता. अशा खोलीत पोर पुढचा धडा आधीच ऐकून ठेवतं, आणि मागचा राहिला असेल तर तो पुन्हा कानावर येतो, कुणी 'ढ' न म्हणता. शहरातल्या साठ पोरांच्या वर्गात ही सोय कुठली?

कर्मवीर अण्णांनी 1938 पासून खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्या अशाच एकशिक्षकी. जपान हा डोंगराळ देश. तिथंही दोन इयत्ता एकत्र बसवणाऱ्या छोट्या शाळा आहेत. त्यांनी 1954 सालीच दुर्गम भागातल्या शिक्षणासाठी वेगळा कायदा केला आणि तिथल्या शिक्षकाला जादा भत्ता दिला. आपल्याकडं वीसच्या आतला पट दिसला, की समूह शाळेचा, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याचा, प्रस्ताव निघतो. मला तो पटत नाही. सहा वर्षांचं पोर लाँचनं कुठं आणि कसं धाडणार? ज्यांची गावं पाण्याखाली घालून आपण दिवे लावले, त्यांच्या पोरांचा हिशेब पटावर करू नये.

तिथं काम सोपं आहे असं मात्र म्हणणार नाही. पोषण आहाराचा तांदूळ लाँचनं येतो, जळवा पायजम्यात शिरतात, वाटेत गवा उभा असतो आणि केंद्रप्रमुखांना माहिती आजच्या आज हवी असते.

तुमच्यापैकी कुणाला कोयनेपलीकडची शाळा मिळालीच, तर मला फोन करा. फळा कुठं रंगवायचा, कुठल्या इयत्तेला कधी हातात घ्यायचं, सगळं सांगेन. रेंजसाठी तुम्हाला टेकडीवर चढावं लागेल, तेव्हा दम खाऊन निवांत बोलू. आता बक्षिसं घ्या, पोरं केव्हाची ताटकळली आहेत.