दूरदर्शनवरचा नाताळ आणि नगरचे पद

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



‘जुन्या काळातील एखादी हृद्य आठवण सांगा,’ अशी आज्ञा संयोजकांनी मला केली. माझ्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी गणेशोत्सव, नाटकाच्या तालमी आणि मराठी हस्तलिखित अंक यांच्या आठवणी इतक्या रसाळपणे सांगितल्या, की त्यात भर घालण्याचे मला धैर्य नाही. म्हणून मी आज एका अशा सणाविषयी बोलणार आहे, जो आपल्या शाळेत कधी साजरा होत नसे. पण 1980 च्या दशकातल्या आमच्या बालपणात ज्याचे सूर मात्र सर्वत्र ऐकू येत. तो सण म्हणजे नाताळ.

दिल्लीतील डिसेंबर तुम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळी धुके, दुपारी गच्चीवरचे कोवळे ऊन, शेंगदाणे आणि रेवड्या, आणि अंधार पडला की रजई. 1982 साली मी आठवीत होतो. त्याच वर्षी दूरदर्शनला रंग आला. नोव्हेंबरात आशियाई क्रीडास्पर्धा सुरू झाल्या आणि त्या पाहण्यासाठी आमच्या सरकारी वसाहतीत एका बिऱ्हाडी रंगीत संच आला. 4 डिसेंबरला स्पर्धा संपल्या, पण त्या घरी जाण्याची आमची सवय काही सुटली नाही. संध्याकाळ झाली, की वसाहतीतील वीस-पंचवीस मुले त्या बैठकीच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने बसत. वाहिनी एकच. जे लागेल ते पाहायचे. शेतीविषयक कार्यक्रमही आम्ही तितक्याच भक्तिभावाने पाहत असू.

नाताळच्या सुमारास त्या पडद्यावर एक गायकवृंद दिसला. मुलींच्या अंगावर पांढरे झगे, हातात मेणबत्त्या, पाठीमागे कापसाचा बर्फ आणि चमचमणारे झाड. इंग्रजी शब्द आम्हांला फारसे कळत नव्हते, परंतु ते एकावर एक चढत जाणारे आवाज ऐकून आमची गडबड आपोआप थांबली. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ते झाड बहुधा एखाद्या झुडपासारखे दिसले असते. त्या दिवशी मात्र ते हिरवेगार होते, आणि त्यावरचा तारा सोन्याचा होता. नाताळ म्हणजे हे, असे त्या संध्याकाळी आमच्या मनाने पक्के ठरवून टाकले.

सुरांची इतर दारेही होती. आकाशवाणीच्या दिल्ली ‘ब’ केंद्रावर पाश्चात्त्य गाण्यांच्या फर्माइशी लागत. थोरल्या भावाच्या ट्रान्झिस्टरवर जिम रीव्ह्‌ज यांचा मऊ, संथ आवाज मी प्रथम तेथेच ऐकला. त्यांची नाताळगीतांची तबकडी 1963 सालची, आणि 1964 मध्ये विमान अपघातात ते गेलेही होते. पण भारतातील घराघरांत त्यांचा नाताळ पुढे कित्येक वर्षे चालूच राहिला. 1981 मध्ये ‘बोनी एम’ या वाद्यवृंदाच्या नाताळगीतांचा संग्रह आला आणि त्याच्या नकललेल्या कॅसेटी पालिका बाजारातून हातोहात फिरू लागल्या. आपल्या हिंदी चित्रपटांनाही हा नाद लागला होताच. ‘जख्मी’ या 1975 सालच्या चित्रपटात बप्पी लाहिरी यांनी ‘जिंगल बेल्स’चा तुकडा घेऊन गाणे बांधले, ते आमच्यापैकी प्रत्येकाला पाठ होते.

मित्रहो, येथवरची आठवण गोड आहे, आणि ती येथेच संपवता आली असती. परंतु हीरक महोत्सवासारख्या प्रसंगी केवळ गोड तेवढेच सांगावे, हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझ्या बाकावर एक मित्र बसत असे. त्याचे नाव मी येथे घेणार नाही. आमच्या वर्गातील अनेकांनी एव्हाना ओळखले असेलच. त्याचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि घराणे मूळचे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. आमच्या वर्गातील तो एकटाच ख्रिस्ती. त्या वर्षी त्याने आम्हां चौघांना पंचवीस तारखेला घरी बोलावले. आमची कल्पना अशी, की तेथे ते हिरवे झाड असेल, कापसाचा बर्फ असेल, केक असेल आणि बोनी एमची कॅसेट वाजत असेल. आपण दूरदर्शनच्या पडद्यातच शिरणार, अशा थाटात आम्ही केस चापून बसवून निघालो.

दारावर कागदाचा एक कंदील तेवढा टांगलेला होता. आपल्या आकाशकंदिलासारखाच, फक्त ताऱ्याच्या आकाराचा. आत गेलो तर जमिनीवर जाजम अंथरलेले. त्यावर पेटी, तबला आणि झांजा. ताटांत करंज्या, चकल्या आणि अनारसे. थोड्या वेळाने मित्राच्या आजींनी नऊवारीचा पदर सावरला, ‘उपासना संगीत’ हे जीर्ण पुस्तक मांडीवर घेतले आणि त्या गाऊ लागल्या. चाल थेट भजनाची. मित्राचे वडील तबल्यावर, आई झांजेवर, आणि मित्र स्वतः खणखणीत आवाजात साथ करीत होता.

आणि आम्ही हसलो. प्रथम कोण हसले हे सांगून मला सुटका करून घ्यायची नाही. मी हसलो. हसून थांबलो असतो तरी बरे. पण गाणे संपताच मी मोठ्याने म्हणालो, “हे तर भजन झालं! टीव्हीवर दाखवतात तसा खरा नाताळ तुम्ही का करत नाही?”

मित्राने मान खाली घातली. आजी मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी मला विचारले, “बाळा, तुमच्या पुस्तकात टिळकांची ती पाखराची कविता आहे ना रे?”

होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ आम्हांला पाठ होती आणि मी ती वर्गात बक्षीस मिळवून म्हटलेली होती. मी फुशारकीने होकार दिला. आजी म्हणाल्या, “त्याच टिळकांचं पद मी आत्ता म्हटलं. मग सांग, हे खोटं कसं?”

मला उत्तर सुचले नाही. ‘रेव्हरंड’ या शब्दाचा अर्थ मी तोवर कोणालाही विचारला नव्हता. पुस्तकातील टिळक आमचे होते आणि पेटीवरचे टिळक परके, अशी विभागणी आम्ही नकळत करून टाकली होती.

पुढे वाचन वाढले, तसा माझ्या त्या प्रश्नातील अडाणीपणा मला अधिकाधिक कळत गेला. जो शब्द आपण रोज वापरतो, तो ‘नाताळ’ हा इंग्रजी नाहीच. तो पोर्तुगीज भाषेतून गोवा-कोकणमार्गे मराठीत आलेला, जन्म या अर्थाचा शब्द आहे. ‘सायलेंट नाइट’ हे जगप्रसिद्ध गीत प्रथम गायले गेले ते 1818 सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येला, ऑस्ट्रियातील ओबेर्नडॉर्फ या लहानशा गावी, साध्या गिटारच्या साथीवर. त्याच्या दोनशे वर्षे आधी, 1616 मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते, आणि त्यातील ख्रिस्तजन्म मराठी ओवीत सांगितलेला आहे. जन्माने इंग्रज असलेल्या त्या पाद्रीबुवांना मराठीचा जो अभिमान वाटला, तो दिल्लीत मराठीची शाळा चालवणाऱ्या आम्हां मंडळींच्या मुलांना त्या दिवशी वाटला नाही.

टिळकांचे कार्य तर याहून जवळचे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला राहून मराठी ख्रिस्ती उपासनेला भजनाचे आणि कीर्तनाचे रूप दिले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण सारे अभिमानाने वाचतो. पण त्या पुस्तकातील घरात रोज जे गायले जाई, ते आजही मराठी घरांतून गायले जाते, याची आपल्याला आठवण नसते.

आणि ज्याला मी ‘खरा’ म्हणत होतो, तो दूरदर्शनवरचा आणि कॅसेटवरचा नाताळ तरी कोठे एकाच मातीतला होता? ‘जिंगल बेल्स’ हे 1857 साली प्रसिद्ध झालेले अमेरिकन गाणे घोड्यांच्या बर्फगाडीचे आहे. त्यात नाताळचा उल्लेखही नाही. बोनी एमचे ‘मेरीज बॉय चाइल्ड’ मूळचे जेस्टर हेअरस्टन या आफ्रिकी-अमेरिकन संगीतकाराचे. त्याला चाल वेस्ट इंडीजच्या धाटणीची, आणि ते पश्चिम जर्मनीत जमवलेल्या वाद्यवृंदाने गाऊन आमच्यापर्यंत पोचवले. ज्याने त्याने आपल्याला येणाऱ्या सुरात गावे, हीच तर या गीतांची रीत. नगरच्या आजींनी झांजेवर तेच केले होते.

आता या आठवणीतील सर्वांत कठीण भाग सांगतो. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात संगीताच्या बाईंनी माझ्या मित्राला नाताळचे एक गीत म्हणायला सांगितले. तो उत्तम गात असे. त्याने ‘सायलेंट नाइट’ इंग्रजीत म्हटले, हुबेहूब जिम रीव्ह्‌ज यांच्या ढंगात. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, मीही केला. कार्यक्रमानंतर पडद्यामागे बाईंनी त्याला विचारले, “अरे, मराठी शाळेत इंग्रजी का? तुमच्या घरी मराठी पदं म्हणतात ना?” तो हळूच म्हणाला, “बाई, त्याला मुलं हसतात.”

मी दोन पावलांवर उभा होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांना काही ठाऊकच नव्हते. पण मला मात्र त्या थंडीत घाम फुटला. मराठी जपण्यासाठी उभारलेल्या शाळेत एका मराठी मुलाने आपली मराठी लपवली होती, आणि तिला लपायला लावणारा मी होतो.

हे भाषण करण्यापूर्वी मी मित्राला दूरध्वनी केला. चाळीस वर्षे उशिरा का होईना, क्षमा मागितली. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, “तू हसलास ते मला आठवतच नाही. तू अकरा करंज्या खाल्ल्यास, ते आठवतं. आजी मोजत होती.” मग क्षणभर थांबून म्हणाला, “पण एक खरं. ते पद मी पुन्हा घराबाहेर कधी म्हटलं नाही. का, ते आज तुझ्यामुळे कळलं.” आजी आता नाहीत. ते जीर्ण पुस्तक त्याच्यापाशी आहे.

पालकहो, आज आपल्या मुलांपुढे एक नव्हे, शेकडो वाहिन्या आहेत. कोणता सण कसा असावा, हे पडदाच त्यांना सांगतो. नाताळच नव्हे, आपली दिवाळीदेखील. पडद्यावर माझा राग नाही. त्या रंगीत संचाने माझ्या बालपणात एक हिरवे झाड आणि एक सोनेरी तारा आणला, त्याचे ऋण मी मानतो. आजही पंचवीस डिसेंबरला गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथीड्रलपुढे सर्व धर्मांच्या दिल्लीकरांची रांग लागते, तीत मी उभा राहतो, आणि जिम रीव्ह्‌ज ऐकल्याखेरीज माझा डिसेंबर सरत नाही. परंतु पडद्यावर जे दिसत नाही, ते शेजारच्या बाकावर असू शकते. त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी शाळेनेच द्यायची असते.

म्हणून आजच्या मंगल प्रसंगी शाळेच्या चालकांपाशी एकच मागणे मागतो. यंदाच्या स्नेहसंमेलनात अभंग होतील, भावगीते होतील, पोवाडाही होईल. त्यांच्याबरोबर टिळकांचे एक पद होऊ द्या. पेटी, तबला आणि झांजांसह. पुस्तक द्यायला माझा मित्र तयार आहे. चाल शिकवायला येशील का, असेही मी त्याला विचारले आहे. “मुलं हसणार नसतील, तर येईन,” असे तो म्हणाला.

मुले हसणार नाहीत, एवढे वचन त्याला आपण सर्वांनी मिळून द्यावे, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.