हिमालयाची पूर्वतयारी

वाटाड्याबरोबर एव्हरेस्टच्या तळापर्यंत आठ-दहा दिवस चालत जावयाचें, तर गिरगांवांतल्या चाळीचा जिनाही कामास येतो. पाठीवर ओझें घेऊन तो रोज चढावा. शेजारीपाजारी हंसोत बापडे! पुढें कळसूबाईचें ५४०० फुटी शिखर गांठावें, दम वाढेल. परंतु विरळ हवेची संवय समुद्रसपाटीच्या दादर-परळांत लागत नाहीं. १७,६०० फुटांवरील त्या तळावर श्वासागणिक प्राणवायु मुंबईच्या जवळजवळ निम्माच मिळतो. म्हणून १०,००० फुटांपुढें मुक्कामाची उंची दिवसास १६०० फुटांहून अधिक वाढवूं नये. तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसावा घ्यावा. खरा घात होतो तो मानी माणसाच्या मौनानें. डोकें दुखून मळमळूं लागल्यास तें वाटाड्यास तत्काळ सांगावें, आणि दुखणें वाढलें तर तळ समोर दिसत असतांही खालीं उतरावें.